आधी दार, मग भिंती

माणसाने प्रशिक्षणाला जरूर जावं, पण तिथे जे शिकवतात ते परत येताना तिथेच ठेवून यावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. निदान घरी तरी आणू नये. घरात आधीच पुष्कळ सामान असतं.

मी एका बांधकाम कंपनीच्या नियोजन विभागात बावीस वर्षं काढली आहेत. नियोजन म्हटलं की लोकांना वाटतं, काम कधी होणार हे आम्ही ठरवतो. तसं काही नसतं. काम का झालं नाही याचं सुबक, रंगीत कोष्टक करणं हे आमचं खरं काम, आणि त्यात माझा हात धरणारा दुसरा कोणी नाही. पण यंदा कंपनीत नवे साहेब आले आणि आम्हा सगळ्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवण्यात आलं. विषय दोन. एक, इमारत बांधण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये विटेविटेने उभी करायची, त्याला म्हणायचं डिजिटल मॉडेल. दोन, काम एकदम न करता आठवड्या-आठवड्याच्या तुकड्यांत करायचं आणि दर तुकड्याच्या शेवटी गिऱ्हाइकाला काहीतरी वापरता येईल असं दाखवायचं. तुकड्याला म्हणायचं स्प्रिंट आणि सगळ्या प्रकाराला म्हणायचं अ‍ॅजाइल.

"अ‍ॅजाइल म्हणजे काय हो?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"चपळ."

तिने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

नेमका त्याच आठवड्यात तिच्या भावाचा फोन आला. सासरेबुवा त्याच्याकडे राहत होते. मेहुण्याची बदली झाली होती आणि नव्या गावातलं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. वॉकर घेऊन ते सपाटीवर चालत, पण जिना म्हटला की संपलं. आमचं घर दुमजली. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक छोटी खोली आणि जिन्याखालची अडगळ. संडास-बाथरूम मात्र वरच्या मजल्यावर. मेहुण्याने ज्येष्ठांच्या एका निवासात खोली धरून ठेवली होती. बाबांचं म्हणणं असं, की तेच बरं. तिथे सगळं तळमजल्यावर आहे आणि आपण कुणाच्या पायात येणार नाही.

फोन ठेवल्यावर बायकोने ओटा दोनदा पुसून काढला. मग म्हणाली, "खाली एक बाथरूम झालं ना, तर मी त्यांना कुठ्ठे जाऊ देणार नाही. दादाला घर सोडायला बावीस दिवस आहेत. होईल?"

आता अशा वेळी साधा नवरा म्हणाला असता, गवंड्याला विचारतो. पण माझ्या खिशात प्रमाणपत्र होतं. मी म्हणालो, "तीन स्प्रिंट."

"बाबांना एक फोन करून विचारा तरी. चाळीस वर्षं मुकादम होते ते. किती इमारती उभ्या केल्यात त्यांनी."

"अगं, त्यांच्या वेळच्या पद्धती वेगळ्या. शिवाय त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय." धक्का बसला, पण कुणाला ते पुढे येईलच.

पहिले दोन दिवस मी टेप घेऊन घर मोजलं आणि अख्खं घर कॉम्प्युटरमध्ये उभं केलं. जिन्याखालची अडगळ काढायची, पुढे बैठकीच्या खोलीत थोडी भिंत ओढायची, की सहा फूट बाय पाच फुटांचं उत्तम बाथरूम होत होतं. मॉडेलमध्ये आकारमानाचा अंदाज यावा म्हणून एक करडा माणूस उभा करता येतो. सहा फूट उंच, सडपातळ, हात बाजूला सोडून बेसिनसमोर उभा. बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हे कोण?"

"प्रमाणासाठी आहे."

"मग आपल्याकडे पाणी सकाळी सहा ते आठच येतं हे सांगितलंय का भावजींना?"

त्या प्रोग्रॅममध्ये एक विलक्षण बटण आहे. ते दाबलं की घरात कुठली वस्तू कुठल्या वस्तूवर आपटते याची यादी निघते. मी ते श्रद्धापूर्वक दाबलं. तीनशे बारा ठिकाणी टक्कर निघाली. कपाटाचं दार जिन्याच्या कठड्याला लागतं, फ्रीज उघडला की स्वयंपाकघराचं दार उघडत नाही, माझी खुर्ची मागे सरकवली की खिडकीचा पडदा खाली येतो. बायकोने यादी वाचली आणि म्हणाली, की यातल्या तीनशे दहा ती अठरा वर्षं रोज सोसते आहे, तिला विचारलं असतं तर चहा उकळेपर्यंत सांगितल्या असत्या. उरलेल्या दोन मी मॉडेल करताना घातलेल्या होत्या.

गवंडी हा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला, प्लंबरला आणि बायकोला रोज सकाळी आठ वाजता बैठकीच्या खोलीत बोलावू लागलो. ही मीटिंग उभ्याने घ्यायची असते, म्हणजे लोक पाल्हाळ लावत नाहीत. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. पहिल्या दिवशी गवंडी उभा राहिला आणि म्हणाला, "काल दुसरीकडे काम केलं. आज इथं करायला आलोय. अडथळा म्हणजे ही मीटिंग." प्लंबर म्हणाला, "माझं पण तेच." बायको म्हणाली, की ती सकाळी सहापासून उभीच आहे, तिला बसायची मीटिंग असेल तर सांगा.

दुसऱ्या दिवसापासून मीटिंगला शेजारचे हेडमास्तरही येऊ लागले. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून सेवेत आहे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. चार माणसं ओळीने उभी दिसली की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. आमच्या घरात घंटा तेवढी नव्हती.

आता दाराची गोष्ट. पहिल्या आठवड्याच्या शेवटी काहीतरी पूर्ण झालेलं, वापरता येण्याजोगं दाखवायचं, हा नियम मी गवंड्याला समजावून सांगितला. तो डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, आठवड्यात अडगळ निघेल, खोदकाम होईल. वापरायला काय देणार? अर्धी भिंत वापरणार कशी?"

"विचार करा. कोणता भाग आपण पूर्ण देऊ शकतो?"

त्याने बराच विचार केला. "दार तयार मिळतं," तो म्हणाला.

आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफा आणि जिना यांच्या मधोमध, चौकटीसकट, कडीकोयंड्यासकट, एक देखणं पांढरं दार उभं राहिलं. डावीकडे भिंत नाही, उजवीकडे भिंत नाही. दोन टेकू लावून नुसतं दार. मी ते तीनदा उघडून बंद करून दाखवलं. आवाजसुद्धा येत नव्हता. नियमाप्रमाणे मी भिंतीला टांगलेल्या फळ्यावर 'झालं' या रकान्यात चिठ्ठी लावली आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो, पण पहिल्या स्प्रिंटला असं होतं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

गंमत अशी की माणूस दाराला फार मान देतो. जिन्याकडे जायला दोन्ही बाजूंनी चारचार फूट मोकळी जागा होती, तरी सगळे दारातूनच जात. हेडमास्तर तर आधी टकटक करत. मी सोफ्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेला असायचो, तरी टकटक. मी "या" म्हटलं की आत यायचे, वळून कडी लावायचे आणि मग म्हणायचे, "हे दार फार पुढे आलंय हो. खोली लहान दिसते. दोन फूट मागे घ्या."

मी शास्त्रीय माणूस. सूचना आली की मॉडेलमध्ये बसवून पाहायची. पाहिली. भिंत दोन फूट मागे घेतली की बाथरूम सहाचं चार फूट रुंद राहत होतं, पण बैठकीची खोली खरंच ऐसपैस दिसत होती. करडे भावजी चार फुटांतही मजेत उभे होते. मी तो बदल पक्का केला, मॉडेलला सहावा क्रमांक दिला आणि त्याचा कागद छापून गवंड्याला दिला. त्याने निमूटपणे दार दोन फूट मागे नेलं आणि भिंत चढवायला घेतली. प्लंबरला कागद द्यायची गरज नव्हती. त्याच्याकडे मोबाइल होता आणि त्याच्या मोबाइलवर मॉडेल आपोआप ताजं होत असे, अशी माझी समजूत होती.

प्लंबर अजून मोकळाच होता, कारण सांडपाण्याच्या मुख्य वाहिनीला जोड द्यायला परवानगी लागते. मी सरकारी कचेरीत गेलो तो संपूर्ण मॉडेल पेनड्राइव्हवर घेऊन. खिडकीपलीकडच्या बाबूंनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला.

"हे काय?"

"घर आहे," मी म्हणालो. "यात प्रत्येक पाइप, प्रत्येक वीट आहे. तुम्हाला हवं तिथून कापून बघता येईल."

"ते ठीक आहे. पण फाइलला लावायचं कसं? भोक कुठे पाडू?"

"भोक पाडून चालणार नाही हो त्याला."

"मग आम्हाला नाही चालणार. दोऱ्यात ओवता येईल असं काहीतरी आणा. तीन प्रती."

मी तीन दिवस हेलपाटे घातले. एकदा प्रती दोन निघाल्या, एकदा बाबू रजेवर निघाले. तिसऱ्या खेपेला मी पडेल चेहऱ्याने उभा होतो, तेव्हा बाबूंना माझी दया आली. त्यांनी माझ्याच अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीने एक चौकोन काढला, त्यातून एक रेघ रस्त्यापर्यंत नेली आणि विचारलं, "असंच ना?" मी म्हणालो, असंच. त्यांनी शिक्का मारला. त्या चौकोनाला एक मिनिट लागलं होतं आणि माझ्या मॉडेलच्या सहा आवृत्त्यांना अकरा दिवस.

परवानगी आली तेव्हा तिसरा आठवडा अर्धा सरला होता. भिंत उभी होती, दार अखेर भिंतीत होतं, आणि घरात हळूहळू उत्साह वाटू लागला होता. बायकोने खालची छोटी खोली आवरली, खिडकीला नवा पडदा शिवला, बाबांची खुर्ची कुठे ठेवायची याची तीनदा मांडामांड केली. शुक्रवारी मी प्लंबरला म्हणालो, "मॉडेलप्रमाणे पाइप टाका, मी ऑफिसातून येतोच." बायको दुपारी एका शेजारणीकडे गेली होती. गवंडी दुसऱ्या कामावर होता. थोडक्यात, प्लंबर होता, मॉडेल होतं, आणि मध्ये कोणी नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर बायको सोफ्यावर बसली होती आणि तिच्या पायाशी, फरशीतून, चार इंचांच्या पाइपाचं तोंड वर आलं होतं. भिंत त्या पाइपापासून दीड फूट पलीकडे. म्हणजे संडासाची जागा बाथरूमच्या बाहेर, सोफ्याच्या अगदी शेजारी, टीव्हीसमोर. चारी बाजूंनी सिमेंट लावून, गुळगुळीत करून, अतिशय नेटकं काम केलेलं.

प्लंबर हात धूत होता. त्याच्या मोबाइलमध्ये जागा संपली होती, त्यामुळे त्याच्याकडे तिसऱ्या क्रमांकाचंच मॉडेल होतं. पाच फोटो काढून टाकले असते तर सहावं उतरलं असतं, पण ते मुलीच्या वाढदिवसाचे होते.

"अहो, पण हे भिंतीच्या बाहेर येतंय हे दिसलं नाही तुम्हाला?" माझा आवाज चिरकला.

"दिसलं ना साहेब. दोनदा मोजलं. मग म्हटलं, तुमची काहीतरी नवी पद्धत असेल. आधी दार, मग भिंती. तसं हे आधी बाहेर, मग आत." तो अगदी मनापासून बोलत होता. मला त्याच्यावर रागावताही येईना.

बायको बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही. ती उठून खालच्या खोलीत गेली आणि पडद्याच्या कड्या काढू लागली, तेव्हा मात्र वाटली. परवा बाबा येणार होते. आत जाऊन मी म्हणालो, अजून एक स्प्रिंट वाढवून घेऊ. ती म्हणाली, "दादाची गाडी रविवारी येणार. बाबांचं सामान गाडीतच असेल. इथे उतरायचं की पुढे जायचं, एवढंच ठरायचंय. आता तुम्हीच सांगा त्यांना." आणि तिचे डोळे भरून आले. बावीस वर्षं मी कामं का लांबली याची कारणं लिहीत आलोय, पण त्या क्षणी मला एकही सुचलं नाही.

रविवारी दुपारी गाडी आली. मेहुणा बॅगा गाडीतच ठेवून आत आला, त्याच्यामागून वॉकर टेकत बाबा. पाच फूट दोन इंच उंची, पांढऱ्या भुवया, चाल सावकाश पण नजर आल्या आल्या भिंतीवर. ते सोफ्याजवळच्या पाइपापाशी थांबले. हेडमास्तर आधीच हजर होते. मी घसा साफ करून सगळं सांगायला सुरुवात केली, स्प्रिंटपासून तिसऱ्या आणि सहाव्या मॉडेलपर्यंत. लपवलं काहीच नाही. अगदी शेवटी म्हणालो, "बाबा, चूक माझी आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"दार उघडा," बाबा म्हणाले.

मी उघडलं. ते वॉकर घेऊन त्या चार फुटी बाथरूममध्ये शिरले. दोन पावलं आत गेले. मग वळायला लागले. वॉकरचा डावा पाय भिंतीला लागला. मागे घेतला, उजवा लागला. पुढे, मागे, पुढे. ते तिथेच अडकले आणि आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. त्या पाठीकडे बघून मला इतकी लाज वाटली की नजर खाली गेली. तीनशे बारा टकरी मी मोजल्या होत्या. त्यात ही नव्हती, कारण माझ्या मॉडेलमधल्या माणसाच्या हातात वॉकर नव्हता.

"मागूनच येतो बाहेर," बाबा आतून म्हणाले, आणि उलटे बाहेर आले. खुर्चीवर बसले. थोडा दम घेतला. मग म्हणाले, "जावईबापू, टेप आहे?"

मी टेप दिली. त्यांनी खोली मोजलीच नाही. आधी वॉकर मोजला. मग बसल्या बसल्या स्वतःचा हात पुढे करून मोजला, मग बाजूला करून. "गवंड्याला बोलवा. प्लंबरला पण."

दोघेही अर्ध्या तासात आले. गवंडी दारातच थबकला. बाबांनी टेप ज्या रीतीने मनगटाभोवती गुंडाळली होती, तेवढ्यावरून त्याने ओळखलं असावं, कारण त्याने आधी चपला नीट काढल्या. "मुकादम का?" त्याने विचारलं.

"होतो. ही भिंत कधी उभी केलीस?"

"आठ-नऊ दिवस झाले."

"प्लास्टर नाही ना? मग सुटेल. विटा फोडू नकोस, सुट्या कर, त्याच लागतील. दोन फूट पुढे घे." मग प्लंबरकडे वळून, "तुझा पाइप चुकलेला नाही. याच जागी पाहिजे. तू एकटाच बरोबर होतास."

प्लंबरने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढे आठवडाभर मी त्याच्याशी अदबीने बोलत होतो.

"पण खोली लहान दिसेल," हेडमास्तर म्हणाले.

"दिसू दे. गुरुजी, तुमच्याकडे संडास खालीच आहे ना? चार दिवस मी तुमच्याकडे येईन म्हणतो."

आयुष्यात पहिल्यांदा हेडमास्तरांकडे कोणी सल्ला नाही, मदत मागितली होती. ते इतके गडबडले, की लगेच घरी जाऊन वाटेतली पायपुसणी उचलून ठेवून आले.

नंतरचे दोन तास मी बाजूला उभा राहून पाहत होतो. बाबा खुर्चीवर बसूनच भिंतीवर खुणा करवून घेत होते. आधाराचा दांडा इथे, कारण हात इथपर्यंत पोचतो. नळ इथे. दार आत नको, बाहेर उघडू दे, आत कोणी पडलं तर दार अडायला नको. गवंडी मान हलवत होता, मधेच स्वतःची एखादी शंका काढत होता, आणि बाबा ती ऐकून खूण बदलतही होते. बायको चहा घेऊन आली ती तशीच थांबली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांचा आवाज एवढा मोठा तिने ऐकला नव्हता, असं तिने मला नंतर सांगितलं. मधूनच त्यांनी मलाही हाक मारली. "जावईबापू, तो कॉम्प्युटर आणा. त्यात ही भिंत पुढे घेऊन दाखवा बरं. दार बाहेर उघडलं तर सोफ्याला लागतं का बघायचंय." मी धावत आणला. लागत होतं, दोन इंच. सोफा सरकवला. "चांगली वस्तू आहे," ते म्हणाले, आणि माझा गेलेला जीव थोडासा परत आला.

एवढ्यात मेहुण्याने घड्याळ पाहिलं. त्याला रात्रीची रेल्वे पकडायची होती.

"बाबा, निघायचं ना? तिथे सहाच्या आत पोचायला सांगितलंय. हे काम काही आठवडाभर व्हायचं नाही."

बायको माझ्याकडे बघेना, बाबांकडेही बघेना. ती चहाच्या ट्रेकडे बघत होती.

बाबांनी पेन्सिल कानामागे लावली. "तिकडे फोन कर," ते मुलाला म्हणाले. "म्हणावं, खोली दुसऱ्या कुणाला द्या. मला इथे काम निघालंय."

"कामाचं काय बाबा, आठ-दहा दिवसांत संपेल ते. मग?"

बाबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्या चिठ्ठ्यांच्या फळ्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू आहेत तोवर काही संपत नाही," ते म्हणाले. "बॅगा उतरव."